एकेचाळिसावा ठराव

१

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास एक रिकामा ट्रक कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबला. त्यातून कडक इस्त्रीचे कपडे घातलेले एक गृहस्थ उतरले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "गुडघ्याचे साचे न्यायला आलोय. अकरा आहेत. उचलायला चार माणसं द्या."

पहारेकऱ्याला वाटलं, पत्ता चुकला असेल. या कारखान्यात कृत्रिम पाय तयार होत. पायात सगळ्यात अवघड भाग गुडघ्याचा, आणि इथला गुडघा जिना उतरतानाही दगा देत नसे. मालकांनी तो चौदा वर्षं खपून घडवला होता. मालक गेले, पण त्यांचे अकरा साचे राहिले आणि त्यांच्यावर साठ माणसांची रोजीरोटी चालली होती. ते साचे मागणं म्हणजे चालत्या माणसाचे पाय मागण्यासारखंच होतं.

गृहस्थांना ताईंच्या खोलीत नेलं. ताई मालकांची थोरली मुलगी आणि कंपनीची मुख्य संचालिका. संचालक तिघेच होते. ताई, त्यांचा भाऊ, ज्याला कारखाना 'धाकटे' म्हणत असे, आणि कार्यशाळा सांभाळणारे त्यांचे सख्खे मामा.

गृहस्थ एका बड्या कंपनीचे प्रतिनिधी होते. त्यांनी टेबलावर करार ठेवला. गुडघ्याचे साचे आणि त्यांचे सगळे हक्क त्यांच्या कंपनीने विकत घेतले होते. यापुढे ताईंच्या कंपनीने गुडघा बनवायचा नाही, जुन्याची दुरुस्तीही करायची नाही. खाली सही धाकट्यांची, कंपनीच्या वतीने, बारा तारखेची.

"माझ्या भावाला एकट्याला असा करार करायचा अधिकारच नाही," ताई म्हणाल्या.

"आहे ना," प्रतिनिधी म्हणाले आणि त्यांनी करारामागे जोडलेला कागद उलटला. संचालक मंडळाच्या ठराव क्रमांक एकेचाळीसची ती प्रत होती. 'गुडघ्याचे साचे व त्यांचे हक्क यांच्या विक्रयाचा करार एकट्याच्या सहीने करण्याचा अधिकार धाकट्या संचालकांना देण्यात येत आहे.' खाली अध्यक्ष म्हणून ताईंची सही.

ताईंनी तो कागद दोनदा वाचला.

"शुक्रवारपर्यंत थांबतो," प्रतिनिधी उठत म्हणाले. "मग कोर्ट."

ते गेल्यावर ताईंनी फोन लावला. "बाई, तुम्ही येऊ शकाल का? असा ठराव आम्ही कधीच केलेला नाही. पण त्याखालची सही माझीच आहे."

२

निबंधकबाई दुपारीच आल्या. कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडून 'निबंधक' काही सुटला नव्हता. कागद बघताना त्या खिडकीकडे पाठ करून बसत आणि पुटपुटत वाचत. वाचताना कोणी बोललं तर नुसतं बोट वर करत.

"आधी एक समजून घ्या," त्या ताईंना म्हणाल्या. "संचालकाने कंपनीच्या नावाने सही केली की बाहेरचा माणूस ती धरून चालू शकतो. आत ठराव झाला का, नीट झाला का, हे खोदत बसणं त्याचं काम नाही. नाहीतर धंदाच चालायचा नाही. त्यामुळे या ठरावात कोणी लबाडी केली एवढं सापडून भागणार नाही. ते म्हणतील, लबाडी तुमच्या घरातली, आम्हाला का भोवावी?"

"मग काय सापडायला हवं?"

"धाकट्यांना अधिकार नाही हे त्या प्रतिनिधींना सही घेतानाच ठाऊक होतं, हे. ते दाखवता आलं तर हा करार कंपनीला बांधत नाही."

सभांचं इतिवृत्त हाताने लिहिलं जाई, जाड बांधणीच्या पुस्तकात, पानांवर आकडे छापलेले. ते लिहायचे शाईवाले. हे लेखनिकांचं कारखान्यातलं नाव, कारण बोटांची शाई सुट्टीच्या दिवशीही गेलेली नसे. बाईंनी त्यांना समोर बसवलं.

"एकेचाळीस तुम्हीच लिहिलात?"

"अक्षर माझंच आहे." शाईवाल्यांनी पान जवळ ओढलं. "पण मी असं लिहिलेलं आठवत नाही. एक छोटा कारखाना बंद पडत होता, त्याच्याकडचे लहान मुलांच्या गुडघ्याचे साचे आपण घ्यायचे, अशी चर्चा झाली होती. घ्यायचे. द्यायचे नाही."

"पुस्तक कुठे असतं?"

"माझ्या कपाटात. किल्ली खिळ्याला. तिघाही संचालकांना माहीत आहे, पुस्तक कंपनीचंच आहे. बाहेर मी एकदाच नेतो. ठराव झाला की पंधरा दिवसांत नोंदणी कार्यालयात जाऊन नोंद करून येतो. पावती घेतो आणि फाइलला लावतो. त्यात मी कधी चुकलेलो नाही, बाई."

त्यांना पाठवून बाईंनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. नऊ वर्षांचे ठराव. ताईंनी दोनदा चहा पाठवला, दोन्ही कप निवून गेले. पाच वाजता बाईंनी ताईंना हाक मारली.

"तुमचे शाईवाले सवयीचे गुलाम आहेत. विकत घेणं आलं की 'क्रय' लिहितात. विकणं आलं की 'विक्री'. नऊ वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत. 'विक्रय' हा शब्द या पुस्तकात एकदाच आलाय." त्यांनी बोट ठेवलं. "एकेचाळीसमध्ये. तुम्ही सही केलीत तेव्हा इथे 'क्रयाचा' होतं. कोणीतरी मागून पुढे 'वि' घातलाय."

ताई खुर्चीत बसल्या. एका अक्षराने घेण्याचं देणं झालं होतं.

"आता," बाई म्हणाल्या, "मला तुमच्या भावाशी बोलायचंय."

३

धाकटे पायांची मापं घेण्याच्या खोलीत सापडले. भिंतीशी बाकावर सहा माणसं बसली होती. एक टपालवाटप करणारी बाई, मांडीखाली रिकामी विजार दुमडून पिन लावलेली. धाकटे तिला सांगत होते, "तुमचा नंबर नऊशे बारावा आहे. दोन वर्षं तरी लागतील."

"दोन वर्षांनी माझी नोकरी राहील का?" तिने साधेपणाने विचारलं. धाकटे रांगेची वही मिटून उठले.

बाहेरच्या व्हरांड्यात बाईंनी त्यांना गाठलं.

"सही तुमची?"

"माझीच."

"का केलीत?"

"ऐकलंत ना आत? अकराशे माणसं रांगेत आहेत. आम्ही महिन्याला चाळीस गुडघे करतो. मी ताईला तीन वर्षं सांगतोय, दुसऱ्या कोणाला तरी बनवू दे. ती म्हणते, बाबांचा गुडघा आपल्याच हातचा हवा. हात कोणाचे आणि पाय कोणाचे, याचा ती विचारच करत नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "ती कंपनी महिन्याला दोन हजार करणार आहे."

"ठरावात 'वि' कोणी घातला?"

धाकट्यांचा चेहरा झरकन बदलला. हा प्रश्न त्यांना अनपेक्षित नव्हता. उत्तर मात्र द्यायचं नव्हतं.

"मीच घातला असं समजा."

"मी समजत नाही. मी बघते. कशाने घातलात? कोणत्या पेनाने?"

ते म्हणाले, "बाई, मला काय करायचं ते करा. पण यापुढे विचारू नका. तुम्ही जे शोधताय ते सापडलं तर ताईला करार मोडल्याचा आनंद होणार नाही."

४

बुधवारी सकाळी बाईंनी एकेचाळीसचं पान उन्हात धरलं. शाईवाल्यांचं पेन रुंद टोकाचं होतं. त्यांची उभी रेघ जाड यायची, आडवी बारीक. 'वि' मात्र सगळीकडून सारखाच बारीक होता, आणि त्याची वेलांटी कंपासने काढल्यासारखी गोल. असलं पेन लिहिण्याचं नसतं. ते नकाशे आखण्याचं असतं.

त्या कार्यशाळेत गेल्या. प्लास्टरची धूळ उडत होती. मामा बाकावर वाकून एका साच्याची कड कानशीने घासत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हात स्थिर. मागे भिंतीवर आखलेली चित्रं टांगलेली. एका चित्रावर लिहिलं होतं, 'विशेष माप, डावा पाय.' बाई त्या 'वि'समोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मामा, कानस जरा खाली ठेवता का?"

मामांनी ठेवली. वळून त्यांनी बाईंची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. मला वाटलं होतं, सोमवारीच याल."

"का केलंत?"

"पोरगा माझ्याकडे आला. म्हणाला, मामा, मी सही करून बसलोय. मी पुस्तक काढून पाहिलं. अधिकार घेण्याचा, आणि याने विकून टाकलेलं. उद्या कोर्टात गेलं तर याची अब्रू गेली, वर जन्मभराचा दावा मानगुटीवर. याचं पहिलं पाऊल मी धरलंय, बाई. वडील तेव्हा साच्यात गुंतलेले असायचे." त्यांनी हातावरची धूळ झटकली. "म्हटलं, एका अक्षराचं तर काम आहे. पानाची छायाप्रत काढली आणि त्या कंपनीला टपालाने पाठवली. नंतर कळलं, याला वाचवताना साठ माणसं बुडवली. सोमवारी ट्रक आला तेव्हा मी याच बाकाखाली बसून रडलो."

बाईंनी मान खाली घातली. या माणसाला दोष देणं सोपं होतं, पण त्याने हाती काहीच लागत नव्हतं. उलट समोरच्यांचं म्हणणंच पक्कं होत होतं, लबाडी घरातली.

"'वि' घातलात तो दिवस आठवतो?"

"अठरा तारीख. शाईवाले दात काढायला गेले होते."

बाई झटक्यात उठल्या. पिशवीतून कराराची प्रत काढून त्यांनी पहिलं पान पुटपुटत वाचलं, मग तिसरी ओळ पुन्हा मोठ्याने. "'आज बारा तारखेस खरेदीदाराच्या प्रतिनिधींनी ठराव क्रमांक एकेचाळीस मूळ इतिवृत्त पुस्तकात समक्ष वाचून खात्री केली आहे.'"

"मग?" मामा म्हणाले.

"बारा तारखेला तिथे 'वि' नव्हताच, मामा. मग त्यांनी वाचलं काय?"

५

पण मामांच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? ज्याने अक्षर घातलं तोच सांगतोय की आधी नव्हतं. बाईंना कागद हवा होता, बारा तारखेच्या नंतरचा आणि अठराच्या आधीचा, परक्या हाताचा.

त्या तडक शाईवाल्यांकडे गेल्या. "एकेचाळीसची पावती दाखवा."

पावतीवर तारीख होती चौदा.

नोंदणी कार्यालय बसने चाळीस मिनिटांवर. बाईंच्या जुन्या खुर्चीवर आता एक तरुण अधिकारी बसत होता. त्याने चहा मागवला, पण अर्ज भरून रांगेत उभं राहायला लावलंच. बाईंना ते आवडलं. त्यांनीच ती शिस्त लावली होती. इथला नियम असा की मूळ पुस्तक खिडकीवर द्यायचं, कार्यालयच त्या पानाची छायाप्रत काढतं, शिक्का मारतं आणि पुस्तक परत करतं. पक्षकाराने आणलेली प्रत चालत नाही.

पावणेचारला छायाप्रत हातात आली. बाईंनी ती खिडकीकडे पाठ करून वाचली. 'गुडघ्याचे साचे व त्यांचे हक्क यांच्या क्रयाचा करार.' आणि कोपऱ्यात जांभळा शिक्का, चौदा तारखेचा.

गुरुवारी त्यांनी धाकट्यांना बोलावलं आणि करार त्यांच्या पुढ्यात ठेवला. "महिन्याला दोन हजार गुडघे करणार म्हणालात. कोणत्या कलमात लिहिलंय?"

धाकट्यांनी पानं चाळली. पुन्हा चाळली. तिसऱ्यांदा फार हळू.

"ते तोंडी म्हणाले होते."

"त्यांचा स्वतःचा गुडघा तुमच्या गुडघ्याच्या सहापट किमतीला जातो. तुमचे साचे ते वापरणार नाहीत. कुलूप लावून ठेवतील. ती टपालवाली बाई आता नऊशे बारावी आहे. नंतर तिला नंबरच नसेल."

धाकट्यांनी करार मिटला आणि विचारलं, "मामांचं कळलं तुम्हाला?"

"त्यांनीच सांगितलं."

"मग ऐका. बारा तारखेला मीच पुस्तक त्यांच्या कार्यालयात नेलं होतं. मी त्यांना पान दाखवून म्हटलं, हा अधिकार घेण्याचा आहे, विकण्याचा नाही, मी ताईची समजूत काढतो, आठवडा द्या. ते म्हणाले, तुम्ही संचालक आहात, सही करा. आत काय ठरलं याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, पुस्तक वाचल्याची ओळ तर आमच्या प्रत्येक करारात असते." त्यांनी करार बाजूला सारला. "पण पुराव्याला माझ्या शब्दाशिवाय काही नाही."

"तुमच्या शब्दाची गरज पडू नये असं बघते," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी फक्त गप्प बसा. जमेल?"

६

शुक्रवारी अकराला प्रतिनिधी आले, बरोबर त्यांचे वकील. ताई, धाकटे, मामा एका बाजूला बसले. शाईवाले कोपऱ्यात कागद घेऊन. ट्रक फाटकात उभा होता आणि कार्यशाळेतली सगळी माणसं काहीबाही काम काढून खिडक्यांपाशी रेंगाळत होती.

"आम्ही परके लोक," वकील म्हणाले. "संचालकाची सही पाहिली, विश्वास ठेवला. तुमच्या आतल्या कागदांचं आम्हाला काय?"

"अगदी बरोबर," निबंधकबाई म्हणाल्या. "पण तुम्ही नुसता विश्वास ठेवला नाहीत. करारात लिहिलंय, बारा तारखेला मूळ पुस्तक समक्ष वाचलंत."

"वाचलं," प्रतिनिधी हसून म्हणाले. "आम्ही काळजीने काम करतो."

"वरवर पाहिलंत की नीट?"

"शब्द न् शब्द वाचला."

"मग त्यात काय होतं तेही आठवत असेल."

"साचे आणि हक्क यांच्या विक्रयाचा करार. प्रत समोरच आहे."

"शाईवाले, हे लिहून घ्या." बाई थांबल्या. कोपऱ्यातल्या पेनाचा आवाज थांबेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी शिक्क्याचा कागद टेबलावर सरकवला. "ही मूळ पुस्तकावरून सरकारी कार्यालयाने काढलेली छायाप्रत. चौदा तारखेची. यात 'क्रयाचा' आहे. म्हणजे तुम्ही वाचलंत त्यानंतर दोन दिवसांनीही पुस्तकात क्रयच होता."

प्रतिनिधींनी कागदाला हात लावला नाही. वकिलांनी उचलला, चष्मा वर केला, शिक्का पाहिला.

"आता दोनच गोष्टी शक्य आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुस्तक वाचलंत, तर या संचालकांना विकण्याचा अधिकार नाही हे तुमच्या डोळ्यांनी वाचलंत आणि तरी सही घेतलीत. किंवा वाचलंच नाहीत, तर करारातली ती ओळ खोटी आहे, आणि आत्ता तुम्ही सांगितलंत तेही. माहीत नव्हतं म्हणणाऱ्या परक्याला कायदा सांभाळतो. माहीत असलेल्याला नाही. ही एक ओळ तुम्ही घातली नसतीत, तर आज मला तुमच्याशी बोलायला तोंड नव्हतं."

"पण मग नंतर 'वि' कोणी घातला?" प्रतिनिधींनी चिडून विचारलं. "ती तर तुमचीच फसवणूक."

मामा उठून उभे राहिले. "मी घातला. अठरा तारखेला. कुठे सांगायचं तिथे सांगतो."

ताईंनी मामांकडे पाहिलं. बाईंनी त्यांना हे आधीच सांगितलं होतं.

वकिलांनी कागद खाली ठेवला आणि प्रतिनिधींच्या कानाशी दोन वाक्यं बोलले. दहा मिनिटांनी ट्रक रिकामाच वळला. सोमवारी करार रद्द झाल्याचं त्यांचं पत्र आलं, दोन ओळींचं, सहीसकट.

७

त्या आठवड्यात तिघा संचालकांची सभा झाली. मामांनी राजीनामा लिहून आणला होता. ताईंनी तो स्वीकारला. "संचालक म्हणून हे माफ करता येत नाही, मामा," त्या म्हणाल्या. "आणि पुस्तकात काय झालं ते तुम्ही स्वतः लेखी द्यायचं, मी ते नोंदणी कार्यालयात पाठवणार. तिथे जे होईल ते होईल. बाकावर मात्र सोमवारी आठला हजर राहा. तिथे तुमच्याशिवाय माझं चालत नाही." मामांनी मान हलवली आणि ते लगेच कार्यशाळेत गेले. रडणं झाकायला माणसाला कानशीचा आवाज बरा पडतो.

मग भावाबहिणीत जे भांडण झालं ते व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं. धाकटे ओरडून म्हणाले की तिने तीन वर्षं ऐकलं असतं तर हे घडलंच नसतं. ताई म्हणाल्या की चोरून केलेली सही ही चोरीच, मग हेतू कितीही चांगला असो. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण लांबलं. शेवटी ताईंनी रांगेची वही मागवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, अकराशे नावं, बसून वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आपला गुडघा नीट बनवतील अशी माणसं तुझ्या बघण्यात आहेत?"

"तीन कारखाने आहेत. छोटे. मी जाऊन पाहून आलोय."

"विकायचा नाही. बनवायची परवानगी द्यायची. साचे आपल्याकडून, तपासणी आपली, आणि महिन्याला किती करायचे ते करारात."

"पहिल्याच कलमात," धाकटे म्हणाले.

पुढच्या महिन्यात दोघं गाडीने पहिल्या कारखान्यात गेले, मागच्या आसनावर नवा ओतलेला साचा, चादरीत गुंडाळून. कारखान्याच्या मालकीणबाई हातातलं प्लास्टर धूत बाहेर आल्या. त्यांनी करार उभ्याउभ्या नीट वाचला, पहिल्या कलमात महिन्याचा आकडा चाळीसचा साठ करून घेतला, आणि मग पेन पुढे करून दोघांकडे पाहिलं.

"तुमच्याकडून सही कोणाची?"

ताईंनी पेन घेतलं, सही केली, आणि कागद न उचलता तसाच भावापुढे सरकवला.